दुप्पट सन्मान म्हणजे नेमके काय?

ख्रिस्ती मंडळीतील वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे नेमलेले पुढारी) आणि पाळक यांचा मान कसा राखावा, त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी कोणाची, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार असेल तर काय करावे, अशा आशयाची पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांपैकी एकमेकांशी निगडित असलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत पाळकसाहेबांचे मासिक मानधन वाढवण्याचा ठराव आला. एका ज्येष्ठ सभासदांनी त्याला पाठिंबा देताना १ तीमथ्य ५:१७ वाचून दाखवले. मंडळीचा कारभार चांगल्या रीतीने पाहणारे, विशेषतः उपदेश व शिक्षण यांत श्रम करणारे वडील दुप्पट सन्मानाला योग्य आहेत, असे तिथे म्हटले आहे. त्यावर दुसरे सभासद म्हणाले की सन्मान म्हणजे आदर, त्याचा पैशाशी संबंध नाही. ठराव पुढच्या वर्षावर गेला. कोणाचे म्हणणे बरोबर होते? — एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : हे एकच वचन सुटे काढून वाचले, तर दोन्ही अर्थ संभवतात असे वाटू शकते. म्हणून आपण तोच अध्याय तिसऱ्या वचनापासून वाचावा. तिथे प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला विधवांचा सन्मान करायला सांगतो, आणि त्यानंतर सोळाव्या वचनापर्यंत त्या सन्मानाचा तपशील देतो. ज्या विधवेला मुले किंवा नातवंडे आहेत, तिचा सांभाळ त्यांनी करावा. जिला कोणीच नाही, तिचे नाव मंडळीच्या यादीत घ्यावे, मात्र तिचे वय साठ वर्षांहून कमी नसावे. नात्यातील विधवांना घरच्यांनी मदत करावी, म्हणजे मंडळीवर भार पडणार नाही आणि खऱ्या गरजू विधवांची सोय मंडळीला करता येईल. विधवांना नमस्कार करण्यासाठी कोणी वयाची अट घालत नाही आणि यादीही करत नाही. इथे सन्मान म्हणजे अन्नवस्त्राची तरतूद आहे हे उघड आहे, आणि याच विवेचनाला लागून पौल वडिलांच्या दुप्पट सन्मानाकडे वळतो.

शंका उरलीच असेल तर ती पुढचे वचन दूर करते. दुप्पट सन्मान का द्यावा याची पौल दोन कारणे देतो. पहिले जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या २५:४ मधील मोशेच्या नियमशास्त्राचे, की मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. दुसरे लूक १०:७ मध्ये प्रभू येशूने सांगितलेले, की कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे. ज्याला केवळ आदराविषयी बोलायचे आहे, तो बैलाच्या चाऱ्याचा आणि मजुरीचा दाखला देणार नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस या पत्रावर प्रवचने देणाऱ्या योहान ख्रिसोस्तोमनेही इथल्या सन्मानाचा अर्थ सेवकाच्या गरजा भागवणे असाच लावला. तेव्हा आपल्या ज्येष्ठ सभासदांनी ते वचन योग्य ठिकाणी वाचले, असे माझे स्पष्ट मत आहे. दुप्पट म्हणजे विधवांना मिळणाऱ्या वाट्याच्या नेमके दोन पट, असा हिशेब काहींनी केला आहे, परंतु पौलाच्या मनात असे गणित असावे असे मला वाटत नाही. आदर आणि निर्वाह हे दोन्ही द्यावेत, आणि हात आखडता घेऊ नये, हा अर्थ संदर्भाशी अधिक जुळतो.

आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याकडे मात्र मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. ठराव फेटाळला गेला नाही, तो पुढे ढकलला गेला. बैलाच्या नियमाआधीच्याच अध्यायात, अनुवाद २४:१४-१५ मध्ये, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. खळ्यातील तिवड्याभोवती फिरणारा बैल काम चालू असतानाच पायाखालच्या कणसांना तोंड लावतो. मळणी उरकल्यावर, धान्य कोठारात गेल्यावर आणि मालकाची सोय झाल्यावर त्याला काही द्यावे, असे नियमशास्त्र म्हणत नाही. अनेक मंडळ्यांत पाळकाचे मानधन नाकारले जात नाही; ते दोन महिने थकते, सणाच्या तोंडावर अर्धे दिले जाते, आणि मग खजिनदाराकडे मागायला जाण्याची वेळ त्या माणसावर येते. रविवारी ज्याने निर्भयपणे वचन सांगावे अशी आपली अपेक्षा असते, त्याला शनिवारी आपल्याच सभासदापुढे हात पसरायला लावणे हा त्याचा अनादर आहे, मग उपासनेनंतर आपण त्याला कितीही आदराने सलाम केला तरी.

नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याचा परिणाम नोंदला आहे. मंदिराच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी कुळातील लोकांचे वाटे त्यांना दिले गेले नव्हते, म्हणून मंदिरात सेवा करणारे लेवी आणि गायक आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. नहेम्याने त्यांच्यावर सेवा सोडल्याचा ठपका ठेवला नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, लेव्यांना परत आणले आणि भांडारांवर विश्वासू माणसे नेमली. मंडळीतून पाळक का टिकत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी तो अध्याय अवश्य वाचावा.

किती द्यावे, हा आकडा शास्त्र सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. तरीही आपल्या गावात एका साध्या शिक्षकाचे घर जितक्या सन्मानाने चालते, तितके पाळकाचे चालावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मुलांची फी, औषधपाणी, आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरील कुटुंबांना भेटी देण्यासाठी लागणारे पेट्रोल, यांचा हिशेब पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, एकदा तरी कागदावर मांडावा. रक्कम ठरलेल्या तारखेला बँकेत जमा करावी. आरोग्य विम्याचा विचार करावा. पौलाने याच अध्यायात, काही वचने पुढे, तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याची आणि वारंवार येणाऱ्या आजारपणाची आठवण ठेवली आहे. जन्मभर पार्सनेजमध्ये, म्हणजे मंडळीने पाळकाला दिलेल्या घरात, राहिलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी स्वतःचे छप्पर नसते, हे तर आपण सर्व जण पाहतो, आणि तरीही त्याची तरतूद त्याच्या निवृत्तीपूर्वी दहापंधरा वर्षे सुरू करणाऱ्या मंडळ्या थोड्या आहेत. ज्यांच्या हाती रोख पैसा कमी, त्यांनीही संकोच करू नये. गलतीकरांस ६:६ मध्ये वचनाचे शिक्षण घेणाऱ्याने शिक्षकाला सर्व चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावे असे म्हटले आहे, आणि शेतकरी कुटुंबाने हंगामाच्या उपासनेला आणलेली ज्वारीची पायली त्यात नक्कीच बसते.

प्रश्न : पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. मग आजच्या पाळकांनी आणि सुवार्तिकांनी नोकरी करून सेवा का करू नये? मंडळीवर भार कशाला? — एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : पौलाने तंबू शिवले हे खरे आहे. करिंथात तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तो व्यवसाय करत होता, असे प्रेषितांची कृत्ये १८:३ सांगते. परंतु त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय आपण पूर्ण वाचावा. कोणता शिपाई स्वखर्चाने लढतो, कोण द्राक्षमळा लावून त्याचे फळ खात नाही, कोण कळप पाळून त्याचे दूध पीत नाही, असे विचारत विचारत पौल चौदाव्या वचनाशी येतो आणि म्हणतो, की सुवार्ता सांगणाऱ्यांचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा अशी प्रभूचीच आज्ञा आहे. हा हक्क इतक्या ठामपणे सिद्ध केल्यावरच तो म्हणतो, की मी स्वतः मात्र तो वापरला नाही. हक्क ज्याचा आहे, त्याने तो स्वखुशीने सोडला तर तो त्याग ठरतो. देणेकऱ्यांनी सभा भरवून तो परस्पर माफ करून घेतला, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. शिवाय पौलाने कधीच कोणाकडून काही घेतले नाही, असेही नाही. फिलिप्पैकरांनी तो थेस्सलनीकात असताना एकापेक्षा अधिक वेळा त्याची गरज भागवली, आणि तुरुंगातून त्याने त्याबद्दल मनापासून आनंद व्यक्त केला.

एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. प्रेषितांची कृत्ये याच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेत येथे इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि निरोप घेताना सांगतो, की मी कोणाच्या सोन्यारुप्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही, याच हातांनी माझ्या व माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. तुम्हीही असेच श्रम करून दुर्बळांना साहाय्य करा. तीमथ्याला पहिले पत्र मिळाले तेव्हा तोही इफिसमध्येच होता. म्हणजे एकाच शहरातील मंडळीने या दोन्ही गोष्टी ऐकल्या आहेत. वडिलांना सांगितले गेले की लोभ धरू नका आणि देणारे व्हा. मंडळीला सांगितले गेले की त्यांना उपाशी ठेवू नका. आपल्याकडची भांडणे बहुधा तेव्हा पेटतात, जेव्हा मंडळी वडिलांना दिलेली आज्ञा त्यांच्या तोंडावर फेकते आणि वडील मंडळीला दिलेली आज्ञा व्यासपीठावरून वसूल करू लागतात. प्रत्येकाने आपल्या नावाची आज्ञा वाचावी.

महाराष्ट्रातही पौलासारखा त्याग करणारे झाले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ सुरू केला. तो निर्णय त्यांच्या अंतःकरणात उपजला होता, कोणत्याही कमिटीने तो त्यांच्यावर लादला नव्हता. आज कोणाला नोकरी सांभाळून सेवा करण्याचे पाचारण असेल तर त्याचे कौतुकच आहे. लहान मंडळीला पूर्णवेळ पाळक परवडत नसेल, तर तिथे हा मार्ग योग्यही आहे. मात्र अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, बायबल-अभ्यास आणि चार गावांची फेरी, इतकी अपेक्षा पूर्णवेळाची ठेवायची आणि निर्वाहाच्या वेळी पौलाचे तंबू दाखवायचे, हे न्यायाचे नाही.

आपल्या प्रश्नामागे मंचावरून वारंवार पैसे मागणाऱ्या वक्त्यांविषयीची चीड असेल, तर ती मला समजते. अगदी आरंभीच्या मंडळीलाही असे लोक माहीत होते. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेत, आत्म्याच्या नावाने बोलत असताना स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये असे बजावले आहे, आणि त्याच पुस्तिकेत खरा संदेष्टा व खरा शिक्षक आपल्या अन्नाला पात्र आहे असेही लिहिले आहे. लबाडांमुळे प्रामाणिक माणसाची भाकर तुटू नये, एवढी काळजी त्या गरीब मंडळीने घेतली होती.

प्रश्न : आमच्या मंडळीत वडील म्हणजे निवडून आलेले सभासद, ते नोकरी-शेती करतात आणि मानधन घेत नाहीत. मग दुप्पट सन्मानाचे वचन त्यांना लागू होते का? — एक भगिनी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : हा भेद मंडळ्यांच्या परंपरांतून आला आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५४१ मध्ये जिनिव्हासाठी आखलेल्या मंडळीच्या नियमांत पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदे होती, आणि १ तीमथ्य ५:१७ मधील ‘विशेषतः’ या शब्दावरून काही वडील कारभार पाहतात व काही शिकवतात, असा अर्थ त्या परंपरेने घेतला. कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने काम केले, त्यामुळे आपल्याकडे हे पद रुजले; अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनची परंपरा निराळी होती. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अशा अनेक प्रवाहांचे लोक एका छताखाली आले, आणि जुन्या सवयी मात्र गावोगावी टिकून राहिल्या.

मानधन न घेणाऱ्या वडिलांना १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-१३ पूर्णपणे लागू होते. जे तुमच्यामध्ये श्रम करतात त्यांची जाणीव ठेवा, आणि त्यांच्या कामामुळे त्यांना प्रीतीने फार मान द्या, असे पौल तिथे विनवतो. मान कामामुळे द्यायचा आहे, घराण्यामुळे किंवा देणगीमुळे नाही. त्यांच्या पदरचा प्रवासखर्च मंडळीने भरून द्यावा, त्यांच्या घरच्या माणसांचीही विचारपूस करावी, आणि सभेत त्यांचा पाणउतारा होऊ देऊ नये.

प्रश्न : पाळकसाहेबांच्या पाया पडावे का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला, तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि मीही माणूसच आहे असे सांगितले. (प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६) दुसरीकडे लेवीय १९:३२ मध्ये पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहण्याची आज्ञा आहे. घरातील थोरांना आपण वाकून नमस्कार करतो, तसा वयोवृद्ध पाळकांना कोणी केला तर मी त्याला दोष देणार नाही. पदाला म्हणून, किंवा त्यातून काही विशेष आशीर्वाद मिळतो म्हणून पाया पडणे मात्र टाळावे. आणि तरुण पाळकाने म्हाताऱ्या आजींना आपल्या पायांकडे वाकू देऊ नये.

प्रश्न : आमच्या येथील एका वडिलांकडे बांधकाम निधीचा हिशेब मागितला असता, ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ असे उत्तर मिळाले. हिशेब मागणाऱ्यांना मंडळीत फूट पाडणारे म्हटले जाते. अशा वेळी सन्मान राखायचा म्हणजे गप्प बसायचे का? — नाव न छापण्याची विनंती करणारे एक कुटुंब

उत्तर : नाही. ज्या अध्यायाने वडिलांना दुप्पट सन्मान दिला, त्याच अध्यायात, त्यानंतर लगेच, त्यांच्याविरुद्धच्या आरोपाची पद्धत सांगितली आहे. दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरील आरोप दाखल करून घेऊ नये. परंतु जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा, म्हणजे इतरांनाही भीती वाटेल. आणि या दोन्ही गोष्टी पूर्वग्रह व पक्षपात न करता पाळाव्यात, अशी देव, ख्रिस्त येशू आणि निवडलेले देवदूत यांच्यासमोर शपथपूर्वक ताकीद पौल देतो. इतक्या गंभीर शब्दांची गरज त्याला का वाटली असावी, हे आपल्या पत्रावरूनही कळते. जवळच्या माणसाला वाचवण्याचा आणि नावडत्या माणसाला बुडवण्याचा मोह त्या काळीही होताच.

साक्षीदारांची अट अनुवाद १९:१५ मधून आली आहे आणि ती सर्वांसाठी होती. तिचा हेतू वडिलांना अफवांपासून वाचवणे हा आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेला निनावी संदेश पुढे पाठवणारा या आज्ञेचा भंग करतो, हे हिशेब मागणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. परंतु पावत्या, बँकेचे उतारे आणि सभेचे इतिवृत्त मागणे हा आरोपच नव्हे. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी मोठी रक्कम गोळा केली, तेव्हा ती नेण्यासाठी मंडळ्यांनी नेमलेली माणसे बरोबर घेतली, आणि कारणही लिहून ठेवले, की या मोठ्या देणगीच्या बाबतीत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, आणि प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही करतो. (२ करिंथकरांस ८:२०-२१) प्रेषिताला हिशेबाची लाज वाटली नाही. आपल्या वडिलांनाही वाटू नये.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वाक्य स्तोत्र १०५:१५ मधील आहे. तिथे परक्या राजांनी अब्राहाम, इसहाक व याकोब यांना इजा करू नये, असा संदर्भ आहे. बांधकाम निधीच्या तपासणीला त्यात बंदी नाही. दावीदाचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत हाती सापडला असता दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरे. पण बाहेर येऊन त्याने शौलाला मोठ्याने हाक मारली, त्याच्या झग्याचा कापलेला काठ पुरावा म्हणून दाखवला, आणि तुझ्यामाझ्यात परमेश्वर न्याय करो असे त्याला तोंडावर सुनावले. (१ शमुवेल २४) शौलाला ‘माझे स्वामी महाराज’ म्हणण्याचे सौजन्य आणि पुरावा दाखवण्याचे धैर्य, ही दोन्ही त्या प्रसंगात एकत्र आहेत, आणि आपल्या कुटुंबाला मी तोच मार्ग सुचवीन. मागणी लेखी करा, भाषा आदराची ठेवा, दोनतीन जबाबदार सभासदांच्या सह्या घ्या, आणि पास्टरेट कमिटीकडून उत्तर न आल्यास तिच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे त्याच कागदांसह जा. हे सर्व करत असताना पाळकांचे मासिक मानधन दबावासाठी अडवू नका. एका माणसाच्या हिशेबासाठी दुसऱ्याच्या मुलांचे जेवण थांबवणे योग्य नाही, आणि आरोप त्याच माणसावर असला तरी निर्णय होईपर्यंत त्याचे घर चालले पाहिजे.

एका बाबतीत मात्र मंडळीतील चौकशीची वाट पाहायची नसते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे दोन साक्षीदार आणा असे सांगून लेकराला परत पाठवणारी मंडळी तीमथ्याच्या पत्राचे पालन करत नसते. दिवाणी व फौजदारी अधिकार देवानेच नेमले आहेत, हे रोमकरांस १३ मध्ये आपण वाचतो.

साक्षीदार आणि पक्षपात यांविषयी सांगितल्यावर पौलाने तीमथ्याला आणखी एक गोष्ट बजावली आहे, आणि आपल्या मंडळीची पुढची निवडणूक जवळ आली असेल तर तिचा उपयोग होईल. कोणावरही घाईने हात ठेवू नको, म्हणजे घाईने कोणाला पदावर नेमू नको, असे तो म्हणतो, कारण काहींची पापे लगेच दिसतात आणि काहींची मागाहून उघड होतात. तेव्हा उमेदवाराचे नाव सुचवण्यापूर्वी त्याच्या घरी, त्याच्या शेजारी आणि तो जिथे काम करतो तिथे त्याच्याविषयी काय बोलले जाते याची चौकशी करा, आणि ज्याने पूर्वी एखाद्या छोट्या निधीचा हिशेब वेळेवर दिला आहे, त्याचाच मोठ्या जबाबदारीसाठी विचार करा.